भेटायला आलेली माणसं

माझे सासरे आत्माराम बेटेगावात पन्नास वर्षं चिकूच्या झाडांत राबले आणि मेले ते पाहुण्यांच्या सोयीने. कुणाला राग आला तर येऊ दे. मी सून आहे, घरात मी होते.

कॅन्सर हाडांत गेला तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले. मग वैभवी सिस्टर आठवड्यातून दोनदा घरी यायची. तिने मॉर्फिनच्या गोळ्या माझ्या हाती दिल्या आणि बजावलं, "वहिनी, दुखायची वाट बघायची नाही. घड्याळ बघून दर चार तासांनी द्यायची." पहिल्या गोळीनंतर बाबा महिन्याभरात पहिल्यांदाच कुशीवर वळले, स्वतःहून पेज मागून प्यायले. मला रडूच आलं.

पण आमच्याकडे माणूस जाणार म्हटलं की अख्खं गणगोत भेटून जातं. आणि आजारी माणसाने आलेल्याला ओळखायचं, दोन शब्द बोलायचे. नाहीतर पाहुणा तोंड फुगवून बसतो.

रविवारी बाराची गोळी हातात घेतली, तर माझा नवरा केदार म्हणाला, "थांब. मासवणचे मामा येतात. बाबा झोपले तर ते बोलतील कोनाशी? ते गेले का दे."

मामा, म्हणजे सासूबाईंचे भाऊ, आले दीडला, सहा माणसं घेऊन. जेवले. मग बाबांच्या उशाशी बसून चिकूच्या भावाचं, कुणाच्या तरी लग्नाचं बोलत राहिले. मी पाणी पाजायला वाकले तेव्हा बाबा कुजबुजले, "शैला, गोली दे गो."

"मामा गेले का देते," मी म्हटलं. हे मीच म्हटलं, केदारने नाही.

मामा साडेचारला उठले. मी गोळी दिली, पण बाबांच्या घशाखाली काही उतरेना. वैभवीला फोन केला. ती वाटेत असतानाच ते गेले.

दहाव्याला मामा अंगणात सगळ्यांना सांगत होते, "पुण्यवान मानूस. शेवटपर्यंत शुद्धीवर होता. माजा हात असा घट्ट धरला, सोडायलाच तयार नाय. केवढा जीव होता माज्यावर!"

"जीव नाय मामा," मी म्हटलं, "कळा येत होत्या. तुमच्याशी बोलता यावं म्हणून आमी गोळी दिली नव्हती."

केदारने मान खाली घातली. मामा थोडा वेळ आपल्या हाताकडे बघत बसले. मग म्हणाले, "पन बोलला ना माज्याशी."