सात नंबरच्या इंजिनावरची गोळी

आमच्या महाडच्या शाळेच्या अंगणात एक वाफेचं इंजिन उभं आहे. अरुंद रुळांवरचं, बुटकं, सात नंबरचं. घाटावरच्या एका साखर कारखान्यात ते उसाच्या गाड्या ओढायचं. ती लाइन बंद पडल्यावर संस्थाचालकांनी शाळेसाठी आणलं. इतिहासाचा मास्तर म्हणून त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. पुरावे शोधायचा मला कंटाळा आणि लिहायची भारी हौस. बॉयलरच्या पत्र्याला मुठीएवढा पोचा होता. मी फलकावर ठोकून दिलं, 'बेचाळीसच्या लढ्यात इंग्रजांनी झाडलेल्या गोळीची ही खूण.'

पस्तीस वर्षं मुलं त्या पोच्याला हात लावून नमस्कार करत होती. यशराज नावाच्या विद्यार्थ्याला त्यावरच्या निबंधाबद्दल जिल्ह्यात पहिलं बक्षीस मिळालं. भाषणात त्या गोळीपाशी आलो की मी डोळे पुसायचो, आणि वाईट हे की ते खरोखरच ओले असायचे.

एकवीसच्या पुरात शाळेतले बाक, कपाटं, कागद सगळं गेलं. इंजिन जागचं हललं नाही; माझा फलक तेवढा वाहून गेला. पुराला इतिहासाची जाण असावी. मी निवृत्त झालो होतो, तरी नवा फलक लिहायला मलाच बोलावलं, कारण यशराज आता शाळा समितीचा अध्यक्ष आहे.

वही घेऊन इंजिनापाशी बसलो होतो, तेवढ्यात फाटकातून ऐंशी पार केलेला एक म्हातारा आत आला. नाव कुशाबा. नातीच्या मोबाइलवर इंजिनाचा फोटो बघून कशेडीकडच्या वाडीतून एसटीने आला होता. याच इंजिनावर एकोणीस वर्षं भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन होता म्हणे. मी मोठ्या रुबाबात त्याला गोळीची खूण दाखवली.

"गोली कसली, गुरुजी? फावडं हाय ते. माज्या हातचं."

मी वही मिटली.

"लाइन बंद झाली त्या दिशी सायेब बोलला, भट्टीतली आग काढ. काढली. रडू येत व्हतं, पन चार मानसांत रडायचं कसं? म्हनून घातला घाव." मग म्हणाला, "तेवडं लिवा. माजं कुटंच काय लिवलेलं नाय."

मला स्वतःची लाज वाटली. यशराजला सांगितलं, तर तो म्हणाला, "सर, माझं बक्षीस! राहू दे ना गोळी. कुणाला कळतंय?"

हाच प्रश्न मी पस्तीस वर्षं स्वतःला विचारत आलो होतो, आणि उत्तर दर वेळी सोयीचं मिळत होतं. या वेळी मात्र म्हटलं, "कुशाबाला कळतंय." आणि गोळी काढली नाही तर नव्या फलकाच्या समारंभात माइकवरून सगळं सांगेन, असा दमही दिला.

फलक लागला. कुशाबाला वाचता येत नाही, म्हणून सगळ्या शाळेसमोर मीच मोठ्याने वाचला, 'हा पोचा फायरमन कुशाबा यांनी शेवटच्या दिवशी फावड्याने पाडला. त्याची गोळी मास्तरांनी केली होती.' मुलं खो खो हसली. यशराज आपल्या बुटांकडे बघत होता.

कुशाबाने पोच्यावर तळवा ठेवला. मग माझ्याकडे वळला.

"गोली बरी व्हती, गुरुजी," तो म्हणाला. "पन ह्येच ऱ्हाऊ द्या. नाव माजं हाय."