कोपऱ्यातला सहावा

मी बोलतोय तो कोपऱ्यातला हाडांचा सापळा. घानातल्या एका वैद्यकीय कॉलेजात, मुलाखतीच्या खोलीत लोखंडी आकड्याला टांगलेला.

जिवंतपणी मी ताडी काढायचो. ट्रक उलटला आणि माझं प्रेत न्यायला कुणी आलं नाही. आमच्यात मेलेल्याचं नाव घेऊन, जमिनीवर दारू शिंपडून, घरी जा म्हणत त्याला वाटेला लावतात. मला मात्र इथं आणून उकळलं, घासलं, तारेनं ओवलं. नावाच्या जागी आकडा लिहिला, एकतीस. त्याला चाळीस वर्षं झाली.

दर वर्षी प्रवेशाच्या मुलाखती इथंच होतात. दाराबाहेर बाकावर बसून पोरं उत्तरं घोकतात, ते मला ऐकू येतं. कॉलेज कसं वाटलं विचारलं तर प्रयोगशाळेचं कौतुक करायचं, नळाला पाणी नसतं ते बोलायचं नाही, असं एकमेकांना बजावतात. मग आत येऊन सगळे तेवढंच बोलतात. माझ्याकडे कुणी बघत नाही.

त्या वर्षी पोकुआ आली. कोको पिकवणाऱ्या गावची पोर. दोन वर्षं नाकारलेली, आणि यापुढे वयाच्या अटीत बसणार नव्हती. आमची रीत अशी, की खोलीत शिरलं की उजवीकडून सुरुवात करून प्रत्येकाशी हात मिळवायचा. एकालाही वगळलं तर अपमान. उजवीकडे पहिला मी होतो.

तिनं माझा हात धरला. "नमस्कार, नाना. आपलं नाव?" आमच्यात वडीलधाऱ्याला, पूर्वजाला नाना म्हणतात.

मी सांगितलं. मला जीभ नाही, तरी सांगितलं. तिनं मान हलवली आणि मग पाच परीक्षकांशी हात मिळवले.

ते गालात हसत होते. त्यांच्यातल्या मुख्य, डॉक्टर आम्पोफोबाई, चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "पोरी, या खोलीत माणसं किती?"

"सहा, मॅडम."

हसू थांबलं. पंखा बंद होता, तरी माझी बोटं हलत होती. बाईंनी ती पाहिली.

"बरं. आणि कॉलेज कसं वाटलं?"

पोकुआनं घोकलेलं आठवून पाहिलं. जमलं नाही. "चांगलं आहे. पण हे याव बादू नाना सांगतात, की त्यांना अजून कुणी घरी जा म्हटलेलं नाही."

ती बाहेर गेल्यावर एकजण म्हणाला, हिला डॉक्टर कशाला, मांत्रिक करा. बाईंनी तिच्या कागदावर होकाराची खूण केली. त्यानंतर त्या कधी माझ्याकडे पाठ करून बसल्या नाहीत.

पोकुआला प्रवेश मिळाला. पहिले काही दिवस ती येता-जाता नाना म्हणायची. मी त्यावर जगायचो म्हटलं तरी चालेल. मग याच खोलीत हाडांचं पाठांतर सुरू झालं. एका सकाळी तिनं माझं मनगट धरलं आणि आठही हाडं न चुकता सांगितली. सरांनी शाबासकी दिली. तिनं हात सोडला, तो नुसताच लोंबकळला.

मी तिला हाक मारली. वारा सुटला असं वाटून तिनं खिडकी लावून घेतली.

चांगली डॉक्टर हो, पोरी. मी रागावलेलो नाही.

सोमवारी पुन्हा मुलाखती आहेत. कुणी रीत पाळून माझा हात धरला, तर या खेपेला मी तो सोडणार नाही.