माझ्या खोडावर हात ठेवून

मित्रांनो, मी एक जुना मोगली एरंड आहे. उत्तर घानातल्या एका गावात समाताच्या शेताचे कुंपण म्हणून मी वाढलो. बकऱ्या मला तोंड लावत नाहीत. माझ्या बियांच्या तेलाचा समाता साबण करायची. शेतापलीकडे शियाची मोठी झाडे होती. त्यांच्या बियांचे लोणी विकून गावातल्या बायका मुलांना शाळेत धाडत.

एके दिवशी समाताचा धाकटा भाऊ नेइंदू एका तेल कंपनीची टोपी घालून आला.

"ताई, या एरंडाचं बी दे. ह्याच्या तेलावर परदेशात गाड्या चालणारेत."

"आणि आमच्या शियाचं काय?"

"त्याला कोण हात लावतंय? आम्ही नुसतं बांधावर लावणार."

भावाचाच शब्द तो. तिने टोपली भरून बी दिले. मीही मनातून फुशारलो.

मग ट्रॅक्टर आले. तीन दिवसांत शियाचे एकही झाड उरले नाही; बुंधे जाळून वर माती लोटली. कागदावर ती जमीन म्हणे पडीक होती. तिथे माझी पिल्ले रांगेने उभी राहिली.

दोन वर्षांनी तेल विकत घेणाऱ्या देशातून तपासणीसाठी एक बाई आली. झाडे तोडलेल्या जमिनीवरचे तेल विकत घ्यायचे नाही, असा तिकडचा नियम होता. नेइंदूने तिला थेट माझ्यापाशी आणले. माझ्या जाड खोडावर हात ठेवून तो म्हणाला, "बघा, किती जुना आहे. इथं पहिल्यापासून एरंडच होता."

मी खोटा साक्षीदार झालो, आणि मला बोलता येत नव्हते.

समाता साबणाचे पातेले सोडून उठली. "बाई, माझ्याबरोबर चला जरा."

"तिचं नका ऐकू. डोकं फिरलंय तिचं," नेइंदू म्हणाला.

समाताने त्याच्याकडे पाहिलेही नाही. रांगांमध्ये शिरून तिने हातांनी माती उकरली. खाली शियाचा जळका बुंधा होता. मग दुसरा, मग तिसरा. बाई गुडघे टेकून फोटो काढत राहिली.

तेलाचा सौदा मोडला. कंपनी गेली, आणि तिच्यामागून नेइंदूही, बहिणीचा निरोप न घेता. बायकांनी माझी पिल्ले उपटली. शेवटी कुदळ घेऊन समाता माझ्याकडे आली.

"तुझंच बी दिलं होतं मी," एवढेच ती म्हणाली.

आता मी बांधावर मुळे वर करून वाळतो आहे. माझ्या खड्ड्यात तिने शियाचे रोप लावले आहे. त्याला फळ धरायला वीस वर्षे लागतील, आणि समाताने पन्नाशी ओलांडली आहे.

मित्रांनो, कुणी तुम्हाला सांगितले की ही गाडी झाडांच्या तेलावर चालते, तर खूश जरूर व्हा. पण आधी विचारा, तिथे पूर्वी काय उभे होते?