कार्डावर एकही नाव नसलेली कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. जुनी म्हणजे पानं पिवळी, बांधणी सैल, पण तब्येत ठणठणीत. माझ्यात चाळिशी उलटलेल्या एका बाईची गोष्ट आहे. ती चोरून दारू पिते आणि गावाला वाटतं, तिचं सारखं डोकं दुखतं. मला लिहायला लेखिकेला सहा वर्षं लागली. छापखान्यात मात्र मी दोन दिवसांत तयार झाले, तेही एक पान उलटं लावून.

या लहानशा गावाच्या वाचनालयात आले आणि माझी पंचाईत झाली. इथे प्रत्येक पुस्तकाच्या मागे एक कार्ड असतं. पुस्तक नेणाऱ्याचं नाव त्यावर लिहितात. माझ्या कार्डावर नाव कोण लिहून घेणार? लोक लगेच म्हणाले असते, 'यांच्या घरात कुणीतरी पितं वाटतं!' म्हणून सगळे मला चोरून नेत. पोस्टमास्तरांनी मला छत्रीत घालून नेलं, मुख्याध्यापिकाबाईंनी शालीत गुंडाळून. चार दिवसांनी मी गुपचूप फळीवर परत. बारा वर्षांत वाचून वाचून माझी पाठ निघाली, कार्ड मात्र कोरं करकरीत.

माझ्यावर सगळ्यात जास्त जीव होता तो चष्म्याच्या दुकानातल्या मावशींचा. फ्रेमचा बारीक स्क्रू बसवताना त्यांचा हात थरथरे. मग त्या काचांच्या खोक्यांमागची बाटली काढत आणि हात शांत होई. गिऱ्हाइकांना सांगत, "वय झालं हो!" त्यांनी मला तीनदा नेलं आणि समासात पेन्सिलीने माझ्या चुका काढल्या. माझी नायिका बाटली पिठाच्या डब्यात लपवते, तिथे त्यांनी लिहिलं, 'वेडी की काय! पहिल्याच वाटीला सापडेल.' मला हसू आलं. पण पुढे एका पानावर नुसतं 'मीसुद्धा' लिहून खोडलेलं होतं. तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्यांना हे कुणाला तरी सांगायचं होतं, पण धीर होत नव्हता.

एका शनिवारी दुपारी ग्रंथपालांनी फळ्या आवरायला काढल्या. ज्या पुस्तकाचं कार्ड कोरं, ते रद्दीत. त्यांनी मला उचललं. "याला तर बारा वर्षांत कुणी हातच लावला नाही!"

भरल्या वाचनालयात वाचत बसलेले पोस्टमास्तर पंख्याकडे पाहू लागले. मुख्याध्यापिकाबाईंना खोकला आला. माझा जीव टांगणीला लागला.

"थांबा," दारातून मावशी म्हणाल्या. "ते मी नेलं होतं. तीन वेळा. चोरून."

"चोरून? ते का हो, मावशी?"

मावशी आत आल्या आणि त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. "मी पिते म्हणून. रोज पिते. लिहा माझं नाव."

मग पोस्टमास्तर उठले. "माझंही लिहा. म्हणजे नेल्याचं हं, पिण्याचं नाही!"

"असू द्या, तो मान माझ्या एकटीचा," मावशी म्हणाल्या आणि आधी त्याच हसल्या. मग सगळेच हसले. माझ्या कार्डावर एका दमात अकरा नावं चढली!

मावशी मला उघड उघड हातात धरून घरी निघाल्या. दारात मात्र त्यांचा पाय अडखळला. आत लेक भांडी घासत होती.

"अगं, मला डॉक्टरांकडे जायचंय. दारू सुटत नाहीये माझी."

लेकीने हात पुसले. "माहीत आहे गं आई. तू कधी म्हणतेस याचीच वाट बघत होते. चल, मी येते."

मित्रांनो, माझी पानं दुमडू नका, मला ओल्या हाताने धरू नका, आणि नेलंत तर कार्डावर बिनधास्त नाव घाला. आणि तुमच्या घरात कुणी असं काही अवघड सांगू लागलं, तर नुसते तोंडाकडे बघत बसू नका. उठा आणि बरोबर जा.