अण्णांचा आग्रह

बिबवेवाडीला माझ्या जाऊबाईंच्या घरात रविवारी पाऊल टाकलं की आधी तळणीचा वास नाकात बसतो, आणि तो दोन-दोन दिवस केसांतून जात नाही. मला त्या वासाची आता शिसारी येते. दर रविवारी ते लोक आमच्या ह्यांना जेवायला बोलावतात, कारण हे मोठ्या भावाला किडनी देणार आहेत. जो माणूस एवढं देणार, त्याला भरल्या पोटाशिवाय कसं पाठवायचं? वर त्याला मान म्हणायचं.

डॉक्टरांनी तर स्वच्छ सांगितलं होतं. बाकी सगळं जुळतंय, पण संपतरावांचं वजन फार आहे. उतरवलंत तरच ऑपरेशन, नाहीतर विसरा. तेव्हापासून मी कंबर कसली. विश्रांतवाडीत आमच्या घरामागच्या मैदानावर रोज पहाटे ह्यांना पळवायला मीच नेते. पहिल्या आठवड्यात तर हे कोपऱ्यातल्या खांबापर्यंत पळायचे आणि खांबाला धरून ओकायचे. ओकणाऱ्या नवऱ्याचं कौतुक कसं वाटतं ते मला विचारा. पण खरंच वाटायचं. बसस्टॉपपर्यंत चालायचा कंटाळा करणारा हा माणूस भावासाठी फेऱ्या मारत होता. घरात मी साखर बंद केली, भात बंद केला, ह्यांच्यासोबत मीही दुधी गिळला. आठवडाभर वजनाचा काटा मुंगीच्या पावलाने खाली यायचा, आणि बिबवेवाडीची वारी झाली की सोमवारी पुन्हा जागच्या जागी.

परवाच्या रविवारी तर कहर झाला. रश्श्यावर बोटभर तेलाचा तवंग. पुतणे हाडं चोखून ताटाच्या कडेला रचत होते, जाऊबाई खरकट्या हातानेच भाकरी वाढत होत्या. आणि मधोमध अण्णा, माझे मोठे दीर दत्तोबा. डायलिसिसने चेहरा राखेसारखा झालेला, पुढ्यात बिनमिठाचा भात. तो तसाच ठेवून ते पळीने ह्यांच्या ताटात मटण वाढत होते.

"खा रं संपत, लाजू नगं."

"पुरे, अण्णा," असं म्हणत हे खात होते.

जाऊबाई म्हणाल्या, "पोरगं किती वाळलंय! शकू, उपाशी मारतीस का काय ह्याला?"

"हो," मी म्हटलं, "तुमचा नवरा जगावा म्हणून."

"आत्ता गं बया! घासभर खाल्ल्यानं काय हुतंय?"

मग बुंदीचे लाडू आले, परात तुपाने ओली झालेली. अण्णांनी एक उचलला आणि थेट ह्यांच्या तोंडाशी नेला. मी ताटावरून उठले आणि अण्णांचं मनगट धरलं. लग्न झाल्यापासून पाया पडण्याखेरीज मोठ्या दिरांना मी कधी हात लावला नव्हता.

"अण्णा, तुम्हाला जगायचंय की नाही? ह्यांचं वजन उतरलं नाही तर तुमचंच ऑपरेशन होणार नाही. एवढी साधी गोष्ट कळत नाही?"

अण्णांनी हात सोडवून घेतला नाही.

"कळती की," ते म्हणाले. "डाक्टर बोलला तवा मी बी तिथंच हुतो. पण दवाखान्याच्या पायऱ्या चढताना ह्याचे पाय कसं कापत्यात, बघितलंस कधी? पोरगं भ्यालंय, शकू. मला न्हाई म्हणायची ह्याची छाती न्हाई. वजनामुळं जमलं न्हाई म्हणलं की ह्याला कोण नावं ठेवणार हाय? मशीनवर मी हायच. जमंल तवर जमंल."

जाऊबाई मटकन खाली बसल्या. मी ह्यांच्याकडे पाहिलं. म्हणावं, अण्णा, काहीतरीच काय बोलता. म्हणावं, भ्यालो असेन, पण पळतोय ना. एवढं तरी म्हणावं.

ह्यांनी मान वर केली, तोंड उघडलं. मला वाटलं, बोलणार. ह्यांनी पुढे होऊन तो लाडू घेतला.

चावत राहिले, डोळे मिटून. तूप हनुवटीवर ओघळत होतं, त्यात डोळ्यांतलं पाणी मिसळत होतं. मला माझ्या नवऱ्याची इतकी किळस आली की मी अण्णांचा हात सोडला आणि मोरीत जाऊन उभी राहिले. बाहेर जाऊबाईंनी हंबरडा फोडला होता. तो ऐकता ऐकता मला कळलं की मला हायसं वाटतंय. आमच्या माणसाला आता कुणी कापणार नव्हतं.

मी नळ सोडला, तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. हायसं वाटणं काही गेलं नाही.