दिव्यापुढचे नऊ चिंचोके

विमल निवडणुकीला उभी राहिली ती मुख्यमंत्री व्हायला नव्हे, पाचवीत जायला.

शाहपूरच्या शाळेत वर्ग चारच. पुढं शिकायचं तर बऱ्हाणपूर गाठायचं आणि सिंधीपुऱ्यात गोदाआत्याकडं राहायचं. विमलचा बाप गिरधर केळीच्या बागेत दिवसभर राबणारा माणूस, शब्दाचा पक्का आणि हट्टाचा त्याहून पक्का. "पोरीच्या जातीले चार बुकं लई झाली," हे त्याचं ठरलेलं. शालिग्राम गुरुजींनी उंबरठा झिजवला, पण गडी हलेना. शेवटी एके सकाळी गुरुजी म्हणाले, "गिरधरभाऊ, यंदा शाळेत मुलांचं मंत्रिमंडळ करतोय. विमल मुख्यमंत्रीपदाला उभी आहे."

गिरधर मोठ्यानं हसला. "पोरीले कोन निवडून देते? आली निवडून तर धाडतो पाचवीले, जा! पन पडली तर पुन्हा नाव काढायचं नाही."

ऐकायला गल्लीतला कडू होता, निंबा होता, ओसरीवर आणखी चार टोपीवाले होते. एवढ्या लोकांत बोललेला शब्द मागं घ्यायची सोय नव्हती, ना बापाला ना लेकीला. विमलनं त्या दिवशी भाकरी अर्धीच खाल्ली.

सन बावन्नचा पावसाळा चालू होता. शालिग्राम गुरुजींना नव्या राज्याचं भारी कौतुक. भिंतीवरच्या जुन्या नकाशात संस्थानांची पिवळी ठिगळं होती, ती त्यांनी स्वतः रंग कालवून एकसारखी केली होती. हिवाळ्यात देशाची पहिली मोठी निवडणूक झाली, तशीच हुबेहूब शाळेत करायची हे त्यांनी मनावर घेतलं. प्रत्येक उमेदवाराचं एक मडकं, मडक्यावर खडूनं चित्र. मधल्या खोलीला पडदा लावायचा, एकेकानं आत जायचं आणि आपल्या हातातला चिंचोका हव्या त्या मडक्यात टाकून मुकाट बाहेर यायचं.

विमलच्या मडक्यावर दिवा, नंदकुमारच्या मडक्यावर केळीचा घड. हा नंदकुमार लीलाधर शेठचा मुलगा, कापडाच्या दुकानातला, इस्त्रीच्या सदऱ्यातला. त्यानं आठवडाभर पोरांच्या हातावर बऱ्हाणपूरचा दराबा ठेवला. तोंड गोड करून मतं मागणं त्याला कुणी शिकवलं देव जाणे! विमलकडं दराबा कुठला? तिनं पहिलीच्या शेंबड्या पोरांची नाकं पुसली, त्यांना टकळीवर सूत काढायला शिकवलं, पाटीवर हात धरून गिरवून घेतलं. पहिलीचा वर्ग तिच्यावर जीव टाकायचा.

मतदानाच्या दिवशी गुरुजींनी नियम तीनदा वाचला. "मडक्यात पडला तो चिंचोका मोजला जाईल. बाहेर राहिला तो बाद. आणि दुसऱ्याचा चिंचोका मडक्यात टाकणारा उमेदवार असला, तर तोही बाद. कळलं?"

"हो गुरुजी!" पोरं ओरडली. न कळता ओरडण्यात पोरांचा हात कोण धरणार?

पहिलीची पोरं आधी गेली, मग दुसरी, तिसरी, चौथी. उमेदवार शेवटी. नंदकुमार आत गेला, हसत बाहेर आला. मग विमल पडद्याआड शिरली आणि जागच्या जागी थिजली.

दिव्याच्या मडक्यासमोर, जमिनीवर, चिंचोके मांडून ठेवले होते. एका ओळीत, नीट, शेजारी जास्वंदीच्या दोन पाकळ्या. तिनं मोजले. नऊ. घडाच्या मडक्यापुढची जमीन मात्र स्वच्छ.

पोरांनी दिव्यापुढं ठेवून हात जोडले होते! तिच्या पहिलीच्या पोरांनी! विमलच्या कपाळाची शीर उडायला लागली. मेल्यांनो, मडकं काय शोभेला ठेवलंय?

ती गुडघ्यावर बसली. हे नऊ आपलेच. यात चोरी कसली? आपल्या घरातलं सांडलेलं धान्य उचलून कोठीत टाकायला कुणाला विचारावं लागतं? तिनं एक चिंचोका उचलला. मडक्याचं तोंड वीतभर अंतरावर होतं. पडद्याबाहेर साऱ्या शाळेची कुजबुज चालली होती, आणि दारात गावातली माणसं निकाल बघायला जमली होती. त्यांच्यात तिचा बाप होता. त्याचं खाकरणं तिला ओळखू आलं.

दुसरा उचलला. तिसरा. मूठ भरली, मुठीला घाम आला. एकदा उघडली की झालं. बऱ्हाणपूर, पाचवी, गोदाआत्याचं घर.

"विमल, झालं का गं?" गुरुजींनी विचारलं.

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. आत यायला त्यांना दोन पावलं पुरेशी होती, पण ते आले नाहीत. पोरगी आत एकटी आहे आणि ती नियमानं वागेल, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. त्याचाच विमलला भयंकर राग आला. असा विश्वास टाकायला कुणी सांगितलं होतं यांना?

तिनं मूठ जमिनीवर रिकामी केली. नऊच्या नऊ पुन्हा ओळीत लावले, स्वतःचा एक मडक्यात टाकला आणि डोळे पुसून बाहेर आली.

मोजणी ओट्यावर, सगळ्यांसमोर झाली. नंदकुमार तेहतीस. विमल अठ्ठावीस. "आणि दिव्याच्या मडक्याबाहेर," गुरुजींचा आवाज जरा उतरला, "नऊ. नियमाप्रमाणे बाद."

"बाद काबरं?" पहिलीतला दगा नावाचा पोरगा रडवेला होऊन उभा राहिला. "दिव्यात टाकतेत का कुठं? दिव्यापुढं ठेवायचं अन् पाया पडायचं. आबानं सांगितलं!"

पोरं खो खो हसली. दारातली माणसं मात्र हसली नाहीत. विमलला वाटलं, भुई फाटावी आणि आपण आत जावं. घातले असते तर! नुसती मूठ उघडायची होती!

"गुरुजी," दारातून गिरधर बोलला. "बाद म्हंजे काय?"

"म्हणजे ते मत दिलंच नाही असं धरायचं."

"मोठ्या इलेक्शनातही असंच?"

"असंच. चिठ्ठी पेटीत पडली तरच मत."

गिरधरनं कडूकडं पाहिलं, कडूनं निंबाकडं. निंबानं टोपी काढून हातात घेतली.

"आमी तं पेटीवर ठेवली होती," गिरधर सावकाश म्हणाला. "नवं धोतर नेसून गेलतो. फूल वाह्यलं. एवढी मोलाची चीज, भोकातून खाली कशी टाकायची? आमच्या गल्लीतल्या सगळ्यांनी वरच ठेवली."

गुरुजींनी हातातले नऊ चिंचोके मेजावर ठेवले. "गिरधरभाऊ," ते म्हणाले, "ती मतंही बाद झाली असतील."

नंदकुमारच्या गळ्यात हार घालायचा राहिला होता, तो तसाच टोपलीत पडून राहिला.

घरी जाताना बाप पुढं आणि लेक मागं. केळीच्या बागांमधल्या पांदीत चिखल झाला होता. विमलनं पावलं उचलून त्याला गाठलं.

"बाबा, मी पाहिले होते ते. आत टाकता आले असते. हातात घेतले होते."

गिरधर गर्रकन वळला. "मंग? टाकले काबरं नाही? यडी का खुळी तू? तुहेच तं होते!"

"दुसऱ्याचा टाकायचा नाही असा नियम होता."

"कोन पाह्यत होतं तिथं?"

"कुणी नाही."

आता थोबाडीत बसते, असं वाटून तिनं डोळे मिटले. बसली नाही. उघडून पाहिलं तर बाप चिखलात उभा, खांद्यावरचं उपरणं तोंडावरून फिरवत होता. त्याचे डोळे लाल झाले होते. बापाला रडताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"गोदीले निरोप धाडतो," तो म्हणाला. "चौथी झाली का जाय."

"पण मी तर पडले, बाबा."

"पडली ना. मले दिसते." त्यानं तिच्या हातातलं दप्तर घेऊन स्वतःच्या खांद्याला अडकवलं. "पाच वर्सांनी पुन्हा पेटी येईन. आमी सगळे पुन्हा फुलं घेऊन जाऊ अन् पुन्हा बाद होऊ. घरात एक तं पाह्यजे ना, जे आमाले सांगीन. अन् कोनी पाह्यत नसलं तरी खरं सांगीन."

विमल मोठ्यानं रडायला लागली. गिरधरनं तिला उगी केलं नाही. तो पुढं चालत राहिला, आणि थोड्या अंतरावर जाऊन तिच्यासाठी थांबला.