देवीला पोटभर करंट

अंबरनाथच्या मैदानात पांढरी अँबॅसडर आली की लोक चपला काढून तिच्यासमोर बसायचे. देव सोडून गाडीला हात जोडायचे, बोला आता! ड्रायव्हर उतरायचा, इंजिन चालू, दिवे लागलेले. मग रिकाम्या गाडीतून धडाम्, धडाम् हुंकार यायचा. छाती हादरायची, आणि प्रत्येक हुंकाराला गाडीचे दिवे मंदावायचे.

"गाडीत बसलेली आई दिव्याचं तेज पिते, भक्तांनो!" गाडीचा मालक तेजोबाबा ओरडायचा. "तेजाबरोबर रोगही पिते! फेका गोळ्या, मोडा सुया!"

गुरुदत्त कारखान्यात ऑफिसर, शिकलेला, तरी बाबाचा भक्त. त्याने स्वतःच्या हाताने बायकोच्या, उमाच्या, इन्सुलिनच्या सुया मोडल्या. उमा थोड्याच दिवसांत गेली. तरी हा म्हणायचा, "तिची श्रद्धा कमी पडली." त्याची बहीण कुमुदिनी कॉलेजात फिजिक्स शिकवायची. वहिनीसाठी रडून रडून डोळे सुजले, मग तिने ठरवलं, या मेल्या बाबाला त्याच्याच भक्तांसमोर उघडा पाडायचा.

एका संध्याकाळी ती गर्दीत गोड आवाजात म्हणाली, "बाबा, गाडीत वीज बनवणारा डायनामो जुना आहे. आई उपाशी राहते हो! आमचा दादा मोठा अल्टरनेटर, जास्तीची बॅटरी, जाड वायर, सगळं देईल."

गुरुदत्तचे डोळे भरून आले. बाबाही खूश, फुकटचं कोण सोडतंय? शिवाय त्याला विजेतलं ओ की ठो कळत नव्हतं.

उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, चंदरच्या गॅरेजात काम झालं. बोनेट उघडताच चंदर हसला. "मॅडम, ही वायर डिकीत चाललीय. आत बडा म्युझिक सिस्टीम आहे, शंभर टक्के."

"असू दे. तू फक्त करंट कमी पडू देऊ नकोस. आणि गुरुवारी मैदानात ये."

गुरुवारी गाडीसमोर बदलापूरकडची पुतळाबाई बसली, टीबीच्या गोळ्या फेकायला पदरात घेऊन. धडाम्! दिवे तसेच. पुन्हा धडाम्! दिवे ढिम्म.

"आई... आई रुसलीय!" बाबाला घाम फुटला.

"रुसली कसली, पोट भरलंय तिचं," कुमुदिनी पुढे आली. "चंदर, इंजिन बंद कर. नव्या बॅटरीची वायर काढ."

पुढच्याच धडामला दिवे मंदावले. चंदरने स्क्रू-ड्रायव्हर घालून डिकी उचकटली. आत अॅम्प्लिफायर, दोन भलेमोठे स्पीकर आणि फिरणारी कॅसेट!

"ही बघा तुमची आई! ड्रायव्हर उतरताना कॅसेट चालू करून जातो. मोठा आवाज सगळा करंट ओढतो, दिव्यांना कमी पडतो. वरातीच्या गाडीचेही दिवे असेच मंदावतात, तिथे कुणाचा रोग गेलाय का? पुतळाबाई, गोळ्या सांभाळा!"

लोक बाबावर धावले. कुमुदिनी आडवी आली. "हात लावू नका. मेला तर सुटेल. मला तो कोर्टात उभा हवाय."

"कुमू," गुरुदत्त डिकीतल्या कॅसेटकडे बघत म्हणाला, "म्हणजे उमा..."

"हो दादा. जुन्या डायनामोपायी गेली." तिला त्याची जराही दया आली नाही. "चल पोलिसांत. तक्रार तूच द्यायची. मी माझ्या हाताने बायकोच्या सुया मोडल्या, इथपासून सुरुवात कर."

तर मंडळी, गाडीचे दिवे मंदावले तर गॅरेजला जा, माणूस मंदावला तर डॉक्टरकडे. आणि औषध फेक म्हणणारा कुणी भेटलाच, तर त्याच्या पाया पडण्याआधी त्याची डिकी उघडून बघा.